गार आमटीचा मतदारसंघ

नाशिक फाट्याचा पूल उतरून कंपनीची बस भोसरीच्या वाटेला लागली, की पुढच्या बाकावरचे एक गृहस्थ उठून उभे राहायचे, वरची दांडी धरायचे आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, "मंडळी, मावळ संपलं. शिरूर लागलं. आपापली मतं सांभाळा, हितनं पुढं ती चालत न्हाईत."

एवढं बोलून ते खाली बसायचे आणि चाकण येईपर्यंत तोंड उघडं टाकून झोपायचे.

मी तेव्हा नवा होतो. परभणीकडून आलो होतो, कासारवाडीत बायको-पोरासकट खोली घेतली होती आणि शहरात गर्दीत काय काय होतं याच्या गोष्टी घरून भरपूर ऐकून निघालो होतो. त्यामुळे 'सांभाळा' म्हटल्याबरोबर मी आधी पाकीट चाचपलं, मग डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. शेजारचा म्हणाला, "घाबरू नको भावा. आयोग हायेत ते. रोज बोलतात."

खरं नाव होतंच, पण ते फक्त पगाराच्या पावतीवर. बाकी सगळे, अगदी बसचा ड्रायव्हरसुद्धा, त्यांना आयोग म्हणायचे. देशाचे लोकसभेचे मतदारसंघ आखायला जो आयोग नेमतात, त्यात आपल्याला घेतलं नाही हा सरकारचा हलगर्जीपणा आहे, असं त्यांचं मत होतं. ते मत त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं.

ते मूळचे पिंपळे गुरवचे, पिढीजात. जिथे आज इमारतींना इमारती खेटून उभ्या आहेत तिथे त्यांच्या घरची ज्वारी होती. आणि कंपनीत त्यांचं काम होतं पत्रा कापण्याची मांडणी ठरवण्याचं. म्हणजे गाडीच्या दरवाजाचे, बॉनेटचे तुकडे एका पत्र्यावर असे बसवायचे, की कापल्यावर कमीत कमी भंगार निघावं. दिवसभर रेघा मारायच्या. त्या सवयीने ते देशाकडेही पत्रा म्हणूनच बघायचे.

"पत्रा त्योच असतो राव," ते म्हणायचे. "मांडणी बदलली की भंगार बदलतं. आता भंगार निघणारच. त्याबद्दल माजी तक्रार न्हाई. तक्रार एवढीच, का दरवेळी त्याच माणसांचं का निगतं?"

त्यांची मुख्य तक्रार मात्र वेगळी होती आणि ती ऐकल्याशिवाय आमच्या बसमध्ये कुणी कायम झालेला मला आठवत नाही. आमचं पिंपळे गुरव मावळ मतदारसंघात. मावळ घाट उतरतं, पनवेल ओलांडतं आणि उरणला जाऊन समुद्राला टेकतं. उलट अर्ध्या तासावरची भोसरी शिरूरमध्ये. चाकणही तिकडेच. "म्हंजी बग," आयोग बोटं मोडत सांगायचे, "मी निजतो मावळात, राबतो शिरुरात. ज्या रस्त्यानं माजं कंबरडं मोडतंय, त्या रस्त्याच्या खासदाराला मी निवडू बी शकत न्हाई अन् पाडू बी शकत न्हाई. माजं मत कुटं? जितं मी घोरतो तितं! माणूस जितं जागा असतो तितं त्याचं मत पायजे."

"पण आयोग," मी एकदा म्हणालो, "तुम्ही तर बसमध्येही झोपता, कंपनीतही जेवणानंतर..."

त्या आठवड्यात ते माझ्याशी बोलले नाहीत.

दुसरा मुद्दा शिरगणतीचा. रेघा मारल्या त्या दोन हजार एकच्या शिरगणतीवर. "तवा आमच्या रानात ज्वारी हुती. आयोगानं ज्वारी बगितली, म्हनला हितं माणसं कमी. आता त्याच रानात तुज्यासारखी बाहेरची निम्मी परभणी येऊन राह्यली. रेग जाग्यावर हाय, माणसं हलली! जुन्या मापानं नवा पत्रा कापणारा माणूस आमच्या खात्यात एक दिवस टिकायचा न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे ते आम्हा दोघांच्या अंगावर येणार आहे.

या सगळ्यात एक मेव्हणाही होता. आयोगांचा मेव्हणा भोसरीला राहायचा आणि त्याच्याशी त्यांचं बांधावरून वाजलेलं होतं. आयोग त्याचा उल्लेख 'आमचा परदेशी पाव्हणा' असा करायचे. मतदारसंघांच्या आखणीतली तेवढी एक गोष्ट त्यांना मान्य होती.

एकदा सुट्टीच्या दिवशी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहिले. "चल. उरणला जायाचं."

"काय काम?"

"काम कशाला? येवडी वर्सं एकच खासदार निवडतोय आमी आन् त्ये. एकमेकांची तोंडं बगायला नगं?"

मोटारसायकल माझी, पेट्रोल माझं, आणि घाट उतरताना मागे बसून सूचना देणारे ते. उरणच्या बंदरावर पोचेपर्यंत माझी पाठ घाटावरच्या आणि घाटाखालच्या दोन्ही मावळांनी मोडली होती. धक्क्याजवळ एक कोळीण टोपली मांडून बसली होती. आयोग तिच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि लग्नात व्याह्यांची ओळख करून द्यावी तसे म्हणाले, "ताई, मी पिंपळे गुरवचा. आपला मतदारसंघ एकच हाय."

तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग? बोंबील फुकट देव काय?"

"न्हाई न्हाई. भेटाया आलो."

"बसा मंग. पन टोपलीवर सावली पारू नका, गिऱ्हाईक दिसाला पायजे."

तिथून दोघांची जी बैठक बसली, ती मी उन्हात उभा राहून ऐकली. तिने विचारलं, तुमच्याकडे मत मागायला येतात ते काय बोलतात? आयोग म्हणाले, "म्हंत्यात, कामगारांसाठी झटणार." ती हसली. "आमच्याकरं बोलतान, कोल्यांसाठी झटनार."

"मग झटत्यात कवा?"

"कसा झटनार बाबा? इकरून तिकरं जाईपरत पाच वरसा होत असतीन." आणि माझ्याकडे हनुवटी करून, "तुमीच बघा, तुमचा पोरगा एका फेरीत कसा वाकलाय."

परतताना आयोग फार खूश होते. "बाईला कळतंय राव," घाटात तीनदा म्हणाले. बोंबलांचे पैसे मी दिले होते आणि बोंबील त्यांच्या पिशवीत होते, याचा उल्लेख मी केला नाही.

त्यांचा एक नियम होता, 'कापणाऱ्यानं शेवटचा तुकडा घ्यायचा.' रेघ मारणाऱ्याला आपला तुकडा आधी उचलता आला, की तो रेघ वाकडी मारणारच. म्हणून त्याने शेवटी उरेल ते घ्यायचं. देशाला हा एक नियम लावला तर बाकी कायद्यांची गरज नाही, असं ते सांगायचे. हा नियम त्यांनी माझ्या मुलाच्या वाढदिवसाला लावला. पोराने केक कापला आणि पहिला तुकडा तोंडात घालणार, तोच आयोग गरजले, "थांब! कापला कुणी?" पोरगं आधी घाबरलं, मग शेवटच्या तुकड्यावर गुलाबाचं फूल उरलं नाही म्हणून जे रडायला लागलं, ते फोटोतसुद्धा तसंच आहे. बायकोने माझ्याकडे बघितलं. यांना बोलावलं कुणी, हा तो प्रश्न होता.

आयोगांच्या पत्नी, आमच्या वहिनी, तिथेच बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "ह्येंच्या घरात भाकरी भाजते मी, तोडते मी, वाढते मी. म्हणून लगीन झाल्यापास्नं शेवटी जेवते बी मीच. ह्यो नियम बायकांना कुणी शिकवाय लागत न्हाई. ह्येंनी पन्नाशीत शोधून काढलाय."

आयोगांनी पोराला आपल्या वाटचा केक दिला.

आता आमटीकडे येतो.

आमच्याकडे दोन शिफ्ट. एक आठवडा सकाळची, पुढचा आठवडा दुपारची, आणि सोमवारी पाळी बदलायची. सकाळच्या शिफ्टला कँटीनमध्ये जेवण ताजं. दुपारच्या शिफ्टला संध्याकाळी तेच दुपारचं, उरलेलं. आमटी गार, वर तेलाची साय, खाली डाळीचा गाळ आणि मध्ये नुसतं पाणी. उभ्याने मशीनवर राबलेला माणूस पोळी त्यात बुडवायचा आणि पोळीच जास्त गरम वाटायची. पेंट शॉपमधला एक जण तर ताट न घेताच परत जायचा आणि बिस्किटाच्या पुड्यावर शिफ्ट काढायचा. आयोगांना हे बघवत नसे. त्यांना स्वतःला अल्सरचा त्रास होता, पण ते त्याबद्दल बोलायचे नाहीत. 'दुसऱ्या शिफ्टची आमटी' याबद्दल बोलायचे.

कँटीनची एक कमिटी होती. दरवर्षी निवडणूक व्हायची, प्रत्येक खात्यातून एक जण. आणि निवडून आलेला माणूस बैठकांच्या सोयीसाठी वर्षभर जनरल शिफ्टला जायचा. म्हणजे दुपारचं गरम जेवायचा. महिन्याभरात त्याला विचारलं, भाऊ, आमटीचं काय? तर तो खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारायचा, "का? काय झालं आमटीला?"

"माणसं वाईट न्हाईत," आयोग म्हणाले. "मांडणी वाईट हाय. भूक लागती शिफ्टनं, आन् रेगा मारल्यात खात्यानं. दुसऱ्या शिफ्टचं माणूस चार खात्यांत वाटलं गेलं, कुटंच त्याचं चालना. भंगार कुणाचं? तेचंच."

ते एचआरच्या मॅडमकडे गेले. मॅडम नव्या होत्या, त्यामुळे त्यांनी ऐकून घेतलं. आयोगांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूने रेघा मारून दाखवल्या. खातेनिहाय नको, शिफ्टनिहाय मतदारसंघ करा. दुसऱ्या शिफ्टचा माणूस दुसरी शिफ्टच निवडेल. मॅडमना पटलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच आखा आणि तुम्हीच उभे राहा की."

"आखतो. उभा न्हाई राहणार." आयोगांनी खडू खिशात टाकला. "कापणाऱ्यानं शेवटचा तुकडा."

उभा कोण राहणार, हा प्रश्न निघाला तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. मी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

खरं सांगायचं तर मला आवडलं. मतदारसंघ आखला गेला. त्या आठवड्यात जे दुसऱ्या शिफ्टला होते ते सगळे आमचे, आम्ही दोघंही त्यातच. रोज संध्याकाळी गार आमटी पुढ्यात घेऊन लोक शपथा घ्यायचे, "भावा, मत तुलाच." माझ्याविरुद्ध गाड्या जोडणाऱ्या असेंब्ली खात्यातले एक हसतमुख गृहस्थ होते, जुने कमिटीवाले. त्यांचा जाहीरनामा एका शब्दाचा होता. गुलाबजाम. दर गुरुवारी. आयोगांनी त्यांची कीव केली. "गार आमटीवर गुलाबजाम? न्हाई चालायचा."

मतदान शुक्रवारी होतं. पण माझं भाषण पाठ झालेलं नव्हतं. मी मॅडमना विनंती केली, सोमवार चालेल का? त्या म्हणाल्या, चालेल. आयोग म्हणाले, "उत्तम. शनिवार-रविवार दोन दिस अजून गार आमटी आठवंल."

सोमवारी दुपारी मी कँटीनमध्ये खुर्चीवर चढलो. घसा साफ केला. "मित्रांनो," मी म्हणालो, "आज आपल्या ताटात काय आहे? गार आमटी!"

समोरच्या वाट्यांतून वाफा निघत होत्या.

मला आधी काही कळेना. फोडणीचा वास येत होता. पेंट शॉपमधला तो बिस्किटवाला दुसऱ्यांदा आमटी घेत होता. कुणीतरी मागून ओरडलं, "चटका बसला की राव!" आणि सगळं कँटीन हसलं. मी पाठ केलेलं असल्यामुळे मला थांबता येईना. "ही थंडगार, निर्जीव आमटी," असं म्हणत मी पुढे गेलो. पुढच्याच रांगेत एक जण वाटी फुंकत होता.

सोमवार होता. पाळी बदलली होती. ज्या माणसांचा मिळून आम्ही दुसऱ्या शिफ्टचा मतदारसंघ केला होता, ती सगळी माणसं, माझ्यासकट आणि आयोगांसकट, त्या दिवशी पहिल्या शिफ्टला होती. पोट भरलेलं होतं, आमटी गरम होती आणि गुरुवार तीन दिवसांवर आला होता. गुलाबजाम दणदणीत मतांनी निवडून आला. मला मिळालेली मतं बहुधा दोन असावीत. त्यातलं एक आयोगांचं, आणि दुसऱ्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

मॅडमनी हळूच विचारलं, "पण पाळीचा तक्ता आधी कुणी बघितला नाही का? तो तयार कोण करतं?"

तक्ता मी तयार करतो. प्लॅनिंगमध्ये माझं तेच काम आहे. तो सोमवारचा तक्ताही मीच शनिवारी छापून फळ्यावर लावला होता, भाषण पुटपुटत.

परतीच्या बसमध्ये बसलो. भोसरी मागे पडली, नाशिक फाट्याचा पूल आला. एरवी परतताना आयोग उठायचे आणि म्हणायचे, "या, देशात या." त्या दिवशी उठले नाहीत. ड्रायव्हरने उगाच वेग कमी केला. शेवटी मीच म्हणालो, "आयोग, सीमा गेली."

"जाऊ दे." ते खिडकीकडे बघत म्हणाले, "येवडी वर्सं सरकारला शिव्या दिल्या, जुन्या मोजणीवर रेगा मारता म्हणून. आन् आपुन काय केलं? मागल्या आठवड्याच्या मोजणीवर मारल्या. सरकारला निदान वीस वर्सं लागली. आपल्याला रविवारच पुरला."

त्यांनीच पुढे विचारलं, "पिंट शॉपवाला त्यो बिस्किटवाला. त्यानं बी?"

"त्यानंसुद्धा."

"दोन वाट्या पिऊन?"

"दोन."

तेव्हा मात्र ते हसले. हसता हसता पोटावर हात धरला, तो हसण्यामुळे की अल्सरमुळे ते मला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी आम्ही सगळे पुन्हा दुसऱ्या शिफ्टला गेलो आणि आमटी पुन्हा गार झाली. तोच बिस्किटवाला ताट आपटत आमच्याकडे आला. "आयोग, ह्येला आमटी म्हणायची का?" आयोग त्याला म्हणाले, "गुरवारी गुलाबजामात बुडवून खा." पण जेवण झाल्यावर उठले आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टच्या आधी मॅडमकडे गेले. मीही गेलो, कारण आयोग एकटे कुठेही गेले की दोन तास परत येत नसत.

"रेगा ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आमाला रेग जमली न्हाई. एकच नियम करा. जो निवडून यील, त्येनं जेवायचं दुसऱ्या शिफ्टला. शेवटच्या पंगतीला. बस."

मॅडम म्हणाल्या, "एवढंच?"

"येवडंच. दिल्लीला बी हेच कळवणार हुतो, पण तुमच्यापास्नं सुरुवात करतो."

नियम झाला. गुलाबजामवाले गृहस्थ पहिल्या संध्याकाळी शेवटच्या पंगतीला बसले. आमटीची वाटी तोंडाला लावली, तशीच खाली ठेवली आणि तिच्याकडे बघत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी ते भटारखान्यात आचाऱ्याशी भांडताना ऐकू आले. महिना संपायच्या आत संध्याकाळसाठी वेगळी डाळ शिजायला लागली. माझ्या पाठ केलेल्या भाषणाने जे झालं नाही, ते त्यांच्या एका घोटाने केलं. हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला. अजूनही लागतोच आहे.

पण मग नवीनच पंचाईत झाली. पुढच्या निवडणुकीला कुणी उभंच राहीना. संध्याकाळपर्यंत थांबायचं आणि सगळ्यांच्या नंतर जेवायचं, असल्या मानाला कोण हात पसरेल? गुलाबजामवाल्यांनी पाठदुखी सांगितली. मॅडम फळ्यापाशी येऊन दोनदा विचारून गेल्या. या खेपेला कुणी रेघ मारलेली नव्हती, त्यामुळे आयोगांना अडचण नव्हती. ते बिनविरोध निवडून आले. बिनविरोध म्हणजे लोकांनी तोंड फिरवलं, असं जन्मभर सांगणारा माणूस! आम्ही हार आणला, तर म्हणाले, "हार कसला? शिक्षा झालीय मला."

ते आता जनरल शिफ्टच्या बसने येतात आणि रात्रीच्या बसने दुसऱ्या शिफ्टबरोबर परततात. सकाळच्या आमच्या बसमध्ये सीमा कुणी सांगत नाही. मी एकदा प्रयत्न केला. उभा राहिलो, दांडी धरली आणि म्हणालो, "मंडळी, मावळ संपलं." मागून एक जण ओरडला, "बस खाली, आजून पूल चढतोय!"

आता नवी शिरगणती, मग नव्या रेघा, असं सगळीकडे बोललं जातं. आयोगांना सध्या एकच काळजी आहे. भोसरी आणि पिंपळे गुरव एकत्र केलं तर मेव्हणा देशात येईल.

परवा मी दुसऱ्या शिफ्टला होतो. मशीनवर काहीतरी अडलं होतं, म्हणून जेवायला उशिरा गेलो. शेवटची पंगत. म्हणजे पंगत कसली, एका टोकाला आयोग एकटे बसले होते. मी त्यांच्यासमोर ताट ठेवलं. वाढपी पातेलं घेऊन आला, तिरकं केलं, डाव तळाशी खरडला. आमटी गरम होती. चांगली वाफाळलेली. पण दोघांत मिळून एकच डाव निघाला.

"संपली आयोग," वाढपी म्हणाला. "आज पोरांनी डबल डबल घेतली. गरम हाय ना."

आयोगांनी पातेल्यात वाकून बघितलं. आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कसं सांगू, दरवाजाची मांडणी पत्र्यावर चपखल बसल्यावर जसं व्हायचं तसं झालं.

"भंगार निगतंच राव," ते म्हणाले. "आज आपलं निगालं."

मग त्यांनी दोन वाट्या शेजारी ठेवल्या आणि तो एक डाव दोन्हींत ओतला. जरा इकडे, जरा तिकडे, पुन्हा इकडे, डोळे बारीक करून. त्यांच्या अल्सरला ती आमटी गरम हवी होती, हे मला माहीत होतं. शेवटी डाव खाली ठेवला आणि वाट्या माझ्याकडे सरकवल्या.

"उचल. आदी तू."

कितीही नीट ओतलं, तरी एका वाटीत थोडी जास्त होतीच. मी ती उचलली.